काकवीची बाटली फुगते, फसफसते: कारण शोधण्याचा क्रम

लक्षणे

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांवर हिवाळ्यात भरलेली काकवी दोन-तीन महिने व्यवस्थित राहते आणि उन्हाळा तापू लागला की तिच्या तक्रारी येऊ लागतात. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ बाहेर येतो व ती टेबलावर सरळ उभी राहत नाही. झाकण सैल करताच फस्स असा आवाज होतो आणि फेस गळ्यापर्यंत चढतो. काचेच्या बाटलीत कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर सरकताना दिसते. वास पिकून गेलेल्या फळासारखा, कधी ताडीसारखा येतो, आणि चव मात्र बऱ्याचदा अजून गोडच असते. पुष्कळ बाटल्यांत तळाशी साखरेचे खडे बसलेले आणि वरचा थर पातळ झालेला आढळतो.

यांच्याशी मिळतीजुळती दिसणारी दोन लक्षणे आधीच वेगळी काढावीत. पृष्ठभागावर पांढरे, हिरवे किंवा काळसर लोकरीसारखे ठिपके असतील तर ती तंतुमय बुरशी आहे. काकवी बुळबुळीत होऊन नेहमीपेक्षा लांब, चिकट तार सुटत असेल तर ते बहुधा जिवाणूंचे काम आहे. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. या लेखात प्रामुख्याने वायू धरणाऱ्या, म्हणजे यीस्टमुळे आंबणाऱ्या काकवीचा विचार केला आहे. हाच दोष मी अनेक गुऱ्हाळांवर आणि घरगुती विक्रेत्यांकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोषाचे मूळ काहील (रस आटवण्याची मोठी कढई) उतरल्यानंतरच्या टप्प्यात सापडले आहे.

यीस्ट साखर कशी खाते, हे आधी समजून घ्यावे

काहिलीत काकवी शंभर अंशांच्या वर बराच वेळ उकळते. त्या उष्णतेत कोणतेही यीस्ट जिवंत राहत नाही. म्हणून बाटलीत आंबणारे यीस्ट हे नंतर आलेले असते, आणि आपल्याला दोनच प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात: ते कोठून आले, आणि इतक्या दाट साखरेत त्याला जगता कसे आले. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, कारण साखर दाट असली की तिच्यात कोणताही सूक्ष्मजीव तगत नाही असे आपण लोणची-मुरंब्यांवरून गृहीत धरतो. वस्तुतः दाट साखर यीस्टला सरसकट मारत नाही. ती निवड करते. साध्या यीस्टला ती बाहेर ठेवते आणि दाट साखरेतच वाढायला शिकलेल्या थोड्या जातींना रान मोकळे करून देते.

यीस्ट ही एकपेशीय बुरशीच आहे आणि सर्व बुरश्यांप्रमाणे तिच्याभोवती टणक पेशीभित्तिका असते. बुरश्या आणि प्राणी हे उत्क्रांतीच्या वृक्षावर एकमेकांच्या जवळचे आहेत; त्यांचे सामाईक पूर्वज एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचे मानले जातात. प्राण्यांच्या शाखेने अन्न गिळण्याची रीत कायम ठेवली. बुरश्यांच्या बहुसंख्य शाखांनी मात्र गिळणे सोडले, भित्तिका धारण केली आणि पाण्यात विरघळलेले अन्नच पेशीपटलातून आत घेण्याचा मार्ग पत्करला. बुरशीवृक्षाच्या मुळाशी असलेली रोझेला ही परजीवी जात यजमान पेशीच्या आत भित्तिकेविना राहून अजूनही अन्न गिळते. त्यावरून हा बदल टप्प्याटप्प्याने झाला असावा असे दिसते. काकवीच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा की बुरशीला साखर नुसती जवळ असून भागत नाही. ती पाण्यात विरघळलेली असावी लागते आणि ते पाणी पेशीला वापरता आले पाहिजे.

काकवीतील मुख्य साखर सुक्रोज ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीची असते. बेकरीतील यीस्ट ती जोडी प्रामुख्याने पेशीच्या बाहेर, भित्तिकेत राहणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराने (एन्झाइमने) तोडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की अशा रीतीने मोकळ्या झालेल्या साखरेपैकी जेमतेम १ टक्का साखर ती तोडणाऱ्या पेशीच्या वाट्याला येते आणि उरलेली आजूबाजूच्या द्रवात पसरून जाते. म्हणजे ज्या यीस्टला स्वतः सुक्रोज तोडता येत नाही, त्यांचेही पोट शेजाऱ्याच्या कामावर भरू शकते.

मोकळे झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पेशीपटलातील वाहक प्रथिनांमधून आत जाते. बाहेर साखर जास्त आणि आत कमी असली की या वाहकांना कोणतीही ऊर्जा खर्चावी लागत नाही. बेकरी यीस्टच्या जनुकसंचाचा संपूर्ण क्रम १९९६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यात अशा वाहकांच्या कुळातील सुमारे २० जनुके सापडली. काही वाहक साखर विपुल असताना कामी येतात, काही ती संपत आल्यावर, आणि दोन प्रथिने तर साखर आत नेण्याऐवजी बाहेर किती साखर आहे याची केवळ वर्दी देतात. माणसाच्या पेशींतील ग्लुकोज-वाहकही याच प्राचीन कुळातले आहेत.

काकवीत मात्र बेकरी यीस्ट क्वचितच मुख्य अपराधी असते. तेथे आढळणारे यीस्ट झायगोसॅकरोमायसीस या गटाचे असण्याचा संभव अधिक आहे, आणि त्याच्या सवयी लक्षात घेतल्याशिवाय पुढील तपासण्यांचा क्रम पटणार नाही. या गटातील जातींना ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज अधिक प्रिय असते व त्यासाठी त्यांच्याकडे खास वाहक असतो. जनुकांच्या तुलनेवरून असे दिसते की हा वाहक मुळात तंतुमय बुरश्यांचा होता. मधमाश्या आणि फुलांतील मध यांच्या सहवासात राहणाऱ्या दुसऱ्या एका यीस्टकुळाने तो जनुकांच्या आडव्या देवाणघेवाणीतून, म्हणजे वारशाने नव्हे तर परक्या जातीकडून थेट, मिळवला आणि त्यांच्याकडून तो झायगोसॅकरोमायसीसकडे आला. त्याच मधुसहवासी कुळाने सुक्रोज तोडण्याचे विकर तर जिवाणूंकडून घेतलेले आहे. फुलातील मध, मधाची पोळी, झाडाचा गळणारा रस अशा जागी लक्षावधी वर्षे घालवलेल्या जीवांना काकवी परकी वाटत नाही.

दाट साखर पेशीतील पाणी बाहेर ओढते. त्यावर या यीस्टचा उपाय ग्लिसरॉल हा आहे. पेशी आत ग्लिसरॉल साठवते आणि बाहेरच्या ओढीला तोल देते. बेकरी यीस्टही ग्लिसरॉल बनवते, परंतु त्याच्याकडून ते बरेचसे बाहेर गळते. झायगोसॅकरोमायसीस ते धरून ठेवते आणि गळालेले परत आत ओढते. पाण्याची उपलब्धता मोजण्याची जी शून्य ते एक अशी मोजपट्टी आहे, तिच्यावर बेकरी यीस्ट सुमारे ०.९० च्या खाली थांबते, तर झायगोसॅकरोमायसीस रौक्सी ही जात अनुकूल स्थितीत ०.६२ च्या आसपासही वाढू शकते. ६५ ते ७० ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे द्रवात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घन भागाचे शेकडा प्रमाण) काकवी या पट्टीवर साधारण ०.८० ते ०.८७ च्या दरम्यान असते. म्हणजे पहिल्या यीस्टला दार बंद आणि दुसऱ्याला सताड उघडे.

आता तपासण्या. त्या स्वस्तापासून महागाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत आणि त्या याच क्रमाने कराव्यात, कारण पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बहुतेक प्रकरणे सुटतात.

झाकणाच्या आतील बाजू पाहा

बाटली न हलवता झाकण उघडावे (काचेच्या बाटलीत वायू धरलेला दिसत असेल तर आधी या लेखाच्या शेवटी दिलेली खबरदारी घ्यावी) आणि त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आहेत का ते पाहावे. नंतर स्वच्छ, कोरड्या चमच्याने अगदी वरच्या थरातील थोडी काकवी एका बशीत व बाटलीच्या मध्यातील थोडी दुसऱ्या बशीत घ्यावी आणि दोन्ही बशा तिरप्या कराव्यात. वरची काकवी लवकर ओघळली तर दोषाचे कारण हाती आले असे समजावे.

या तपासणीला खर्च नाही, तरी माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी हीच. काकवी कोमट असताना झाकण लावले की वाफ झाकणाला आतून लागते, थंड होते आणि थेंबाथेंबाने पृष्ठभागावर पडते. काकवी इतकी दाट असते की हे पाणी खाली मिसळत नाही. वर काही मिलिमीटरांचा पातळ थर तयार होतो. सबंध बाटलीचे ब्रिक्स मोजले तर आकडा ७२ भरेल, पण त्या थरात तो पुष्कळ खाली असतो आणि यीस्टला जगण्यासाठी तेवढा थर पुरतो. तेथे संख्या वाढली की वायू धरतो, वायूच्या बुडबुड्यांनी थर ढवळला जातो आणि दोष खाली उतरतो.

किती थोड्या साखरेत बाटली फुगते याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. १ ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबले तर सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि उन्हाळ्याच्या तापमानाला त्याचे आकारमान पाव लिटरपेक्षा जास्त भरते. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेसहाशे ग्रॅमहून अधिक काकवी मावते. म्हणजे हजारात दीड भाग साखर आंबली तरी झाकणाखालच्या बोटभर जागेत पाव लिटर वायू कोंबला जातो. चव बदललेली नसते ती याच कारणाने, आणि चव चांगली आहे म्हणून बाटली चांगली आहे असे मानणे धोक्याचे ठरते तेही याच कारणाने.

घरी उघडलेल्या बाटलीबाबत याच तपासणीत ओला चमचाही विचारात घ्यावा. भाकरीबरोबर काकवी वाढून घेताना चमचा एकदा पाण्याने विसळून पुन्हा बाटलीत गेला, की पाणी आणि यीस्ट दोन्ही एकदमच आत जातात. त्यावर उपाय एवढाच की काकवी ओतून घ्यावी आणि बाटलीचा गळा कोरड्या फडक्याने पुसावा.

तळाशी खडे आहेत का

बाटली उजेडासमोर धरून तळाशी बसलेले दाणे पाहावेत. खडे बसणे हा स्वतंत्र दोष म्हणून सांगितला जातो आणि खाणाऱ्याला त्यापासून अपायही नसतो, परंतु आंबण्याशी त्याचा थेट संबंध आहे. सुक्रोजचे स्फटिक बनले की तेवढी साखर द्रवातून निघून जाते, पाणी मात्र जागेवरच राहते. वरचा द्रव आपोआप पातळ होतो. थंडीत खडे बसलेली काकवी उन्हाळ्यात आंबते, त्यात हा मोठा भाग असतो. मधातही नेमके हेच घडते.

खडे दिसले आणि वायूचे चिन्ह नसेल तर झाकण सैल करून बाटली गरम पाण्यात ठेवावी, खडे विरघळू द्यावेत आणि काकवी ढवळून एकजीव करावी. पुढील हंगामासाठी खडे टाळायचे असतील तर काकवीत थोडे सायट्रिक आम्ल घालण्याची शिफारस आहे. किलोमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम हे प्रमाण सांगितले जाते. आम्लामुळे काही सुक्रोज तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज बनते आणि मिश्र साखरेचे स्फटिक सहजी होत नाहीत. हे करताना आपण फ्रुक्टोजप्रेमी यीस्टचे ताट थोडे वाढून ठेवतो हे खरे, पण वरचा थर पातळ होण्यापेक्षा ते परवडते.

भरतानाचे तापमान आणि बाटली

काकवी बाटलीत जाताना किती गरम होती, हा प्रश्न गुळव्याला विचारावा आणि उत्तर ऐकून न थांबता पुढच्या वेळी भरताना स्वतः तापमापी बुडवून पाहावी. ८५ अंशांच्या वर असताना काचेच्या कोरड्या बाटलीत भरून, लगेच झाकण लावून, बाटली दोन-तीन मिनिटे आडवी किंवा उलटी ठेवली तर गळा आणि झाकण यांवरील यीस्टही मरते.

बहुतेक ठिकाणी असे होत नाही, आणि त्याचे कारण निष्काळजीपणा नसून साधी प्लॅस्टिकची बाटली आहे. ती ७० अंशांच्या आसपासच आक्रसते व वाकडी होते, म्हणून काकवी आधी थंड करावी लागते. मग काहिलीतून काढलेली काकवी उघड्या पातेल्यात रात्रभर राहते, वर फडके टाकलेले असते, गुऱ्हाळावर माश्या, मधमाश्या व गांधीलमाश्या सतत घोंगावत असतात आणि त्यांच्या अंगावर व आतड्यांत यीस्ट असते. सकाळी काकवी पूर्णपणे थंड, थोडीशी ओलावलेली आणि यीस्ट पेरलेली अशी बाटलीत जाते. काचेची बाटली महाग पडते आणि वाहतुकीत फुटते, हे मला मान्य आहे. तरीही काकवी उन्हाळ्यापर्यंत ठेवून विकायची असेल तर मी काचेचाच, निदान गरम भरण्यासाठी बनवलेल्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीचाच आग्रह धरतो.

जुन्या बाटल्या धुऊन वापरल्या जात असतील तर त्या उलट्या ठेवून पूर्ण कोरड्या करूनच भराव्यात. तळाशी राहिलेले चमचाभर पाणी म्हणजे पुन्हा तोच पातळ थर, फक्त खालून.

तापमापी खरी आहे का

येथे कोल्हापूरचा भूगोल आडवा येतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, परंतु कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. उकळत्या पाण्यात तापमापी ९८ दाखवते म्हणून ती बिघडली असे समजून तिचा काटा १०० वर आणून ठेवलेला मी वारंवार पाहिला आहे. असे केले की तापमापी दोन अंश जास्त दाखवू लागते, काहील ठरलेल्या आकड्यावर दोन अंश आधीच उतरते आणि काकवी चार-पाच ब्रिक्सने पातळ राहते. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण गरम काकवी तशीही पातळच दिसते.

म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा फरक मोजावा. आपल्या गुऱ्हाळावर, आपल्याच तापमापीने आधी पाण्याचा उकळबिंदू पाहावा आणि काकवी त्याच्या किती अंश वर उतरवायची ते ठरवावे. ७५ ब्रिक्सच्या आसपासची काकवी पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साधारण सात-आठ अंश वर उकळते. मोकळ्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोज तुटून झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या, प्रमाणानुसार यात थोडा फरक पडतो, त्यामुळे आपल्या उसासाठी हा आकडा एकदा ब्रिक्समापीशी ताडून घ्यावा.

ब्रिक्स मोजणे

हातात धरून पाहण्याची ब्रिक्समापी घेताना तिचा पल्ला ५८ ते ९० असा असावा. रसासाठीची ० ते ३२ ची मापी येथे चालत नाही. नमुना थंड करून आणि ढवळून घ्यावा. ७० च्या खाली आकडा आला तर बाकीचे सर्व काटेकोर असूनही ती काकवी उन्हाळा काढील याची मी खात्री देत नाही. ७५ च्या आसपास भरलेली काकवी बरीच निर्धोक असते. मात्र ७५ वरही पाण्याची उपलब्धता ०.६२ च्या पुष्कळ वर राहते, हे विसरू नये. दाटपणाने यीस्टचा वेग अतिशय मंदावतो, थांबत नाही. म्हणून दाटपणा आणि स्वच्छता यांपैकी एकावर भिस्त ठेवून चालत नाही.

याहून दाट करण्याचा मोह काही जणांना होतो. तसे केल्यास काकवी ओतली जात नाही, खडे अधिक बसतात आणि वर सांगितल्याप्रमाणे पातळ थराचा प्रश्न उलट वाढतो.

पिंप, तोटी, फडके

इथपर्यंत सर्व ठीक असेल आणि तरी प्रत्येक भरणीत काही बाटल्या फुगत असतील, तर यीस्टचे घर भांड्यांत आहे. साठवणीच्या पिंपाची तोटी खोलून पाहावी. तोटीच्या आतल्या वळणात जुनी काकवी थिजून बसते, धुताना तिच्यावर पाणी पडते आणि ते अर्धवट पातळ मिश्रण पुढच्या भरणीपर्यंत तसेच राहते. झायगोसॅकरोमायसीसला याहून चांगली जागा मिळणे कठीण. मी तोटी खोलून आत बोट फिरवतो. बोटाला लागलेल्या गाळाला आंबूस वास असला तर पुढे काही शोधावे लागत नाही.

गाळण्याचे फडके, ओतण्याचे नरसाळे आणि पिंपाच्या झाकणाची रबरी कडी हीदेखील अशीच ठिकाणे आहेत. उपाय म्हणजे सर्व भाग सुटे करणे, गरम पाण्याने चिकटा पूर्ण काढणे, नंतर उकळत्या पाण्यात ठेवणे आणि शेवटी पूर्ण वाळवणे. क्रम महत्त्वाचा आहे. साखरेच्या थराखाली दडलेल्या पेशींची उष्णता सहन करण्याची शक्ती वाढलेली असते, त्यामुळे आधी साखर धुतली नाही तर उकळत्या पाण्याचा उपयोग अर्धाच होतो. शिवाय प्रतिकूल काळात यीस्ट ट्रेहॅलोज नावाची साखर साठवते, आणि वाळणे व तापणे या दोन्हींपासून ती पेशीचे रक्षण करते. बुरश्यांनी साखर फक्त खाण्यासाठी वापरली नाही, कणखरपणासाठीही वापरली.

आंबलेली जुनी काकवी नव्या काकवीत थोडी थोडी मिसळून संपवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब थांबवावी.

रस आणि ऊस

ही पायरी अवघड, कारण येथे दुरुस्ती पुढच्या हंगामातच करता येते. तोडलेला ऊस पडून राहिला की उसातील स्वतःच्या विकरांमुळे आणि जिवाणूंमुळे सुक्रोज तुटू लागते. एका दिवसाच्या आत गाळप झाले तर उत्तम. शिळ्या उसाच्या काकवीत मोकळे ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असते, म्हणजे इन्व्हर्टेज नसलेल्या किंवा सुक्रोज नीट न आंबवणाऱ्या यीस्टलाही जेवण आयते मिळते. चांगल्या काकवीतदेखील मोकळ्या साखरेचे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असतेच. ते आणखी वाढू देऊ नये. रसाचे आम्लपण चुन्याच्या निवळीने थोडे कमी केल्यास उकळताना होणारी तूट आवरते, परंतु चुना जास्त झाला तर रंग काळवंडतो. मळी (रस उकळताना वर येणारा मळकट साका) नीट काढली गेली नाही तर उरलेल्या नत्रयुक्त गाळावर यीस्ट अधिक जोमाने वाढते, म्हणून भेंडीचे पाणी घालून मळी धरणे आणि ती वेळेवर काढणे हे केवळ रंगापुरते काम नाही.

टिकाऊ द्रव्ये शेवटी का

पहिल्याच बाटलीला वायू धरला की बेंझोएट हे पदार्थ टिकवणारे रसायन घालण्याचा सल्ला मिळतो. मी तो शेवटी ठेवतो आणि त्याला कारण आहे. बेंझोइक आम्लाचा जो भाग विद्युतभारित नसतो तोच यीस्टच्या पेशीत शिरू शकतो. सामू (पीएच, आम्लपणाचे माप) ४.२ असताना हा भाग निम्मा असतो, काकवीच्या ५.३ च्या आसपासच्या सामूला तो ७ टक्क्यांच्या जवळ उतरतो. म्हणजे घातलेल्या द्रव्याचा फार मोठा हिस्सा वाया जातो. त्यातून झायगोसॅकरोमायसीस बेली ही जात या प्रकारच्या सौम्य आम्लांना दाद न देण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. पातळ थर, मळकी तोटी आणि चुकीची तापमापी तशीच ठेवून द्रव्य वाढवत जाणे म्हणजे याच जातीला एकटीला जागा करून देणे होय.

प्राणवायू काढून टाकला तर?

बाटली काठोकाठ भरली तर यीस्ट गुदमरेल, असे काहींना वाटते. तंतुमय बुरशीबाबत यात तथ्य आहे. ती श्वसनावर अवलंबून असल्याने हवा असलेल्या पृष्ठभागावरच वाढते. यीस्टचे तसे नाही. बेकरी यीस्ट आणि तिचे काही नातलग साखर भरपूर असली की प्राणवायू उपलब्ध असतानाही ती आंबवतात. या वर्तनाला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. श्वसनाच्या तुलनेत यात ऊर्जा फार थोडी मिळते, ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या द्रव्याचे) दोनच रेणू, परंतु साखर झपाट्याने संपते आणि तयार होणाऱ्या मद्यार्काने इतर जीव मागे हटतात. गोड फळे देणारी सपुष्प झाडे पसरत होती, त्याच सुमाराच्या म्हणजे अंदाजे १० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात बेकरी यीस्टच्या पूर्वजांचा सबंध जनुकसंच दुप्पट झाला. याचा पुरावा केनेथ वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी १९९७ मध्ये मांडला. वाहकांच्या आणि साखर फोडणाऱ्या विकरांच्या वाढीव प्रती त्यातून टिकल्या आणि आंबवण्याचा वेग वाढला. झायगोसॅकरोमायसीसचे कूळ या दुपटीत सामील नव्हते, तरीही ते जोमाने आंबवते. यावरून या सवयीची मुळे त्या घटनेपेक्षा जुनी आहेत हे दिसते. तात्पर्य, काठोकाठ भरल्याने वायूला जागा मात्र कमी राहते आणि बाटली लवकर फुटते.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

वायू धरलेली काचेची बाटली लगेच उघडू नये. तिच्यावर जाड पोते टाकून ती माणसांपासून दूर, सावलीत ठेवावी आणि शक्य असल्यास थंड होऊ द्यावी. गार काकवीत वायू अधिक विरघळतो आणि दाब उतरतो. मगच, डोळ्यांना संरक्षण घालून, पोत्याआडून झाकण किंचित सैल करावे. अशा बाटल्यांची संख्या जास्त असेल तर हे काम अन्नप्रक्रियेतील जाणकारावर सोपवावे.

पृष्ठभागावर तंतुमय बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालची काकवी वापरू नये व विकू नये. काही बुरश्यांची विषारी द्रव्ये उकळल्यानेही नष्ट होत नाहीत. आंबलेली काकवी पुन्हा उकळून विक्रीस ठेवणेही योग्य नाही: यीस्ट मरते, पण चव, आम्लपण आणि तुटलेली साखर परत येत नाही.

टिकाऊ द्रव्य घालण्याचे ठरले तर त्याची कायदेशीर मर्यादा आणि लेबलवरील नोंद अन्नतंत्रज्ञाकडून निश्चित करून घ्यावी. मुठीने किंवा चमच्याने अंदाजे घालू नये. वरील सर्व तपासण्या होऊनही एका हंगामातील लागोपाठच्या भरण्या आंबत असतील तर आपला अंदाज पुरे झाला असे समजून नमुना प्रयोगशाळेत द्यावा. उसाच्या व रसाच्या प्रश्नांसाठी कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तेथे विचारणा करता येते.

प्रयोगशाळेला नमुना देताना एक गोष्ट लेखी कळवावी: तपासणी दाट साखरेत वाढणाऱ्या यीस्टसाठी हवी आहे. नेहमीच्या पद्धतीत नमुना साध्या पाण्यात विरल करून कमी साखरेच्या माध्यमावर पसरतात. दाट साखरेला सरावलेल्या पेशी अशा एकाएकी झालेल्या पातळपणाने दगावू शकतात आणि अहवालात यीस्ट आढळले नाही असे येते, इकडे बाटल्या फुगतच राहतात. विरल करण्याच्या द्रवात आणि माध्यमात दोन्हीकडे ग्लुकोज पुरेसे ठेवावे लागते आणि वाढीला नेहमीपेक्षा अधिक दिवस द्यावे लागतात. नमुने तीन द्यावेत: फुगलेल्या बाटलीतील वरचा थर, त्याच दिवशी भरलेली न फुगलेली बाटली, आणि पिंपाच्या तोटीतून निघालेली पहिली चमचाभर काकवी. प्रत्येकावर भरल्याची तारीख, भरतानाचे तापमान आणि ब्रिक्स लिहावे.